साक्षीदार क्रमांक चार

साहेब रत्नागिरीकडचे. अहिराणी कळेना,
म्हणून मला मधे उभं केलं.
पगारात त्याचे वेगळे पैसे नाहीत.

धनकोरबाई, वय अदमासे साठ,
राहणार बुराईकाठी, तालुका शिंदखेडा,
पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत
म्हणाली,
‘गंजी पेटनी, तसा आभायले जाय भिडना.
बठ्ठं गाव ऊनं.
मना जीव खालेवर व्हयी गया.’

मी सांगितलं : कडबा पेटला.
ज्वाळा आभाळाला भिडल्या. सगळं गाव आलं.
इथवर ठीक.
पण जीव खालीवर होतो
तेव्हा इंग्रजीत नेमकं काय होतं?
‘नर्व्हस, सर,’ मी म्हणालो.
टायपिस्टनं लगेच घेतलं.
सात अक्षरांत म्हातारीचा जीव बसवला,
आता ना खाली, ना वर.

वकील सिसोदे उठले, गळपट्टी सैल केली.
धुळ्याचा मे, पंखा गरम हवा नुसती ढवळत होता.
‘आभाळाला म्हणजे किती फूट?’
तिनं माझ्याकडे पाहिलं,
जणू फूट माझ्या टेबलाच्या खणात होते.
‘सगळं गाव म्हणता. अंथरुणाला खिळलेला दीरसुद्धा आला?’
‘तो कसा यी, साहेब. तो पडेल शे.’
‘म्हणजे सगळं गाव नाही.’
मागच्या बाकावर दोघं-तिघं हसले.
मग त्यांनी शब्द काढला,
जेवणानंतर दात कोरायची काडी काढावी तसा, सावकाश :
एक्झॅजरेटेड.
आणि तिच्या बोटांकडे बघत दुसरा :
जिटरी.

रात्री पोरीचा कोश उघडला.
घाबरण्याचं त्यांच्याकडे मोठं दुकान आहे.
फिजेटी म्हणजे बाकाखाली पाय हलवणारं पोर.
एजी म्हणजे कडेवर उभा माणूस,
कसल्या कडेवर ते छापलेलं नाही.
ओव्हररॉट म्हणजे गरजेपेक्षा जास्त ठोकलेलं लोखंड;
चूक लोहाराची, विशेषण लोखंडाला.
हिस्टेरिकलचं मूळ म्हणे गर्भाशयात.
पोरगी शेजारीच झोपली होती, मी पान उलटलं.
वाढवून सांगणाऱ्यांचं दुकान समोरच्या पानांवर :
इन्फ्लेटेड, सायकलवाल्याच्या पंपातली हवा.
हायपरबोलिक, दहावीत मला कधीच न जमलेला कुठलातरी वक्र.
सगळे शब्द हलवून पाहिले.
एकातही आभाळ वाजलं नाही.

माझी आई म्हणायची, ‘शंभरदा सांगितलं तुले.’
तिची उलटतपासणी कोणी घेतली नाही.

निकालात दोन ओळी आल्या :
साक्षीदार अस्वस्थ, कथन अतिशयोक्त.
आरोपी सुटले. मी त्या पानाच्या तीन प्रती काढल्या,
शिक्के मारले, टाचणी लावली.

दिवाळीनंतर साडूकडे साखरपुडा, नेमका त्याच गावात.
जेवण उरकून पाय मोकळे करायला निघालो
असं सगळ्यांना सांगितलं.
गंजीच्या जागी आता दादर उभी होती, कमरेइतकी.
बांधावर लिंब.
एका अंगाला हिरवागार,
दुसऱ्या अंगाला बुंध्यापासून शेंड्यापर्यंत
काळा, वाळलेला. तिकडे अजून पालवी धरत नाही.
किती फूट, मलाही सांगता येईना.
वीस म्हणालो, मग पंचवीस.
तिच्या ओट्यावर टेकलो, मान वर केली :
इथून आभाळ
लिंबाच्या शेंड्यालाच सुरू होत होतं.

ती बाहेर आली. मला ओळखलं नाही.
किंवा ओळखलं, आणि चहा टाकला.
काही विचारलं नाही, वाढवून तर नाहीच.
आतून दिराचा खोकला ऐकू येत होता.
तिनं कप पुढे केला,
हात अगदी स्थिर.

बशी वाजू लागली
ती मी घेतल्यावर.